पांढरा कोट कधी घालायचा
सांगलीत लहान मुलांचा दवाखाना सुरू करतोयस, तर कोटाचं आधीच ठरव. तान्ह्या बाळाला कोटाचं काही नसतं. पण दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांना सुई टोचून घेतलेलं पोर दीड वर्षाचं झालं की दारातच आईच्या पदरात तोंड खुपसतं. जतहून पहाटेची एसटी धरून आलेल्या आजोबांना मात्र कोटाशिवाय डॉक्टर शिकाऊ वाटतो, आणि त्यांचा विश्वास हवाच. म्हणून मी कोट खुर्चीवर दिसेलसा ठेवते, अंगातल्या कपड्यांवर नावाची पट्टी लावते, त्यांच्याच बाह्या कोपरापर्यंत दुमडते. हात नीट धुता यावेत म्हणून इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांनी २००७ पासून हेच धोरण धरलंय. स्टेथोस्कोप तळहातात गरम करून आधी आईच्या हाताला लावते. पोर टक लावून बघतं, मग कधीकधी स्वतःच सदरा वर करतं.