खेद, दिलगिरी आणि माफी

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी एक शंका विचारली आहे. २००२ च्या जर्मन निवडणुकीत अमेरिकेच्या अध्यक्षांबद्दल झालेल्या विधानावर त्यांनी विद्यार्थ्यांकडून मराठीत टिपणे लिहून घेतली, तेव्हा एकाच प्रसंगाचे वर्णन तीन प्रकारे झाले. एकाने लिहिले, ‘जर्मन चॅन्सेलरांनी अमेरिकेची माफी मागितली’. दुसऱ्याने ‘दिलगिरी व्यक्त केली’. तिसऱ्याने ‘खेद व्यक्त केला’. यांपैकी कोणते वाक्य बरोबर की तिन्ही चालतील, असा त्यांचा प्रश्न आहे. दोन मित्रराष्ट्रांतील या ताणाला ‘राजकीय तणाव’ म्हणावे की ‘राजनैतिक तणाव’, असेही त्यांनी जाता जाता विचारले आहे.

माझ्या मते तिन्ही चालणार नाहीत. या तीन शब्दांच्या अर्थांत जे अंतर आहे, त्याच अंतरावर तो सगळा वाद उभा राहिला होता. म्हणून आधी घटना थोडक्यात सांगतो.

जर्मनीत २२ सप्टेंबर २००२ रोजी मतदान होते. तेव्हाचे चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचे सरकारप्रमुख, गेरहार्ड श्रोडर यांनी इराकवरील संभाव्य युद्धात जर्मनी सहभागी होणार नाही, ही भूमिका प्रचाराच्या केंद्रस्थानी आणली होती आणि वॉशिंग्टनमध्ये त्याबद्दल आधीच नाराजी होती. मतदानाला चार दिवस उरले असताना त्यांच्या मंत्रिमंडळातील न्यायमंत्री हेर्टा डॉयब्लर-ग्मेलिन ट्युबिंगन येथे कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांशी बोलत होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना देशांतर्गत अडचणींवरून लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवायचे आहे, ही पद्धत जुनीच असून हिटलरनेही ती वापरली होती, अशा आशयाचे त्यांचे विधान ‘श्वेबिशेस टागब्लाट’ या स्थानिक दैनिकात दुसऱ्या दिवशी छापून आले. आपण व्यक्तींची नव्हे तर पद्धतींची तुलना करत होतो, असे बाईंचे म्हणणे होते. पण छापलेले नाव हिटलरचे होते, आणि ते जर्मन मंत्र्याच्या तोंडी होते. श्रोडर यांनी बुश यांना पत्र लिहिले. व्हाइट हाउसचे प्रवक्ते अॅरी फ्लायशर यांनी त्या पत्रावर जे मत दिले त्याचा आशय असा, की हे पत्र माफीसारखे वाटत नाही, स्पष्टीकरणाच्या प्रयत्नासारखे वाटते.

आता शब्दांकडे येऊ, आणि व्युत्पत्तीपेक्षा आधी वाक्यरचना पाहू, कारण मराठीत खरा भेद विभक्तीतून दिसतो. ‘मला खेद वाटतो’ या वाक्यात ‘मला’ ही चतुर्थी आहे. भूक लागते, थंडी वाजते, तसा खेदही माणसाला वाटतो, तो काही करत नाही. खेदाला दुसरा पक्षही लागत नाही. अपघाताबद्दल, अवकाळी पावसाबद्दल, शेजाऱ्याच्या पराभवाबद्दलही खेद वाटू शकतो आणि त्यात आपला दोष असण्याचे कारण नसते. ‘खेद व्यक्त केला’ असे म्हटल्यावर क्रियापद बदलते, पण व्यक्त होणारी वस्तू भावनाच राहते. याउलट ‘मी त्यांची माफी मागतो’ या वाक्यात मी कर्ता आहे, ‘त्यांची’ या षष्ठीमुळे दुसरा पक्ष वाक्यातच हजर झाला आहे, आणि ‘मागणे’ या क्रियापदामुळे देणे न देणे सर्वस्वी त्या दुसऱ्याच्या हाती गेले आहे. खेद व्यक्त केला की विषय आपल्यापुरता संपतो. माफी मागितली की पुढची चाल समोरच्याची असते आणि तो नाही म्हणू शकतो.

दिलगिरी या दोहोंच्या मध्ये आहे. फारसी ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा यांच्यामुळे करवीर (कोल्हापूर) संस्थानात घरोघरी ठाऊक असलेल्या ‘जहागीर’ या शब्दातही हाच ‘गीर’ आहे. दिलगीर म्हणजे ज्याचे मन दुःखाने धरले आहे असा, खिन्न. जुन्या मराठीत ‘दिलगीर होणे’ म्हणजे केवळ दुःखी होणे, त्यात अपराधाचा वास नाही. पुढे हा शब्द दुसऱ्याला झालेल्या त्रासाबद्दल सांगावयाच्या दुःखापुरता आखडत गेला आणि आज ‘त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली’ असे आपण लिहितो, म्हणजे ऐकणारा लागतो, पण त्याने काही द्यावे अशी अपेक्षा नसते. रस्ता खणून ठेवला की शेजारी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा फलक लागतो. त्या फलकापुढे थांबून कोणी ‘बरं, माफ केलं’ म्हणत नाही, आणि लावणाऱ्यालाही ते अपेक्षित नसते.

माफी हा शब्द अरबीतून आला, आणि त्याच्या मुळाशी सूट, मोकळीक हा अर्थ आहे. मराठीत तो आजही तसाच वापरला जातो: शेतसारा माफ होतो, दंड माफ होतो, कर्जमाफी जाहीर होते. फौजदारी कायद्यात ‘माफीचा साक्षीदार’ असतो. त्याने गुन्ह्यातील आपला वाटा कबूल केलेला असतो आणि सूट देणारे न्यायालय असते. या सगळ्या प्रयोगांत देणारा वरचा आणि घेणारा खालचा आहे, शिवाय काहीतरी देणे लागत होते हे आधीच मान्य झाले आहे. (जर्मन भाषेतही गंमत अशी की माफीसाठीच्या ‘एन्टशुल्डिगुंग’ या शब्दात ‘शुल्ड’ आहे, आणि ‘शुल्ड’ म्हणजे अपराधही आणि कर्जही.) त्यामुळे सार्वभौम म्हणवणारी, कागदोपत्री बरोबरीची राष्ट्रे हा शब्द शक्यतो ओठावर येऊ देत नाहीत. ‘माफीनामा’ तर त्याहून जड. तहनामा, करारनामा यांच्या पंगतीतला तो शब्द असूनही त्यात दोन सह्यांची बरोबरी नाही, एकाचीच सही आहे.

या मापाने श्रोडर यांचे पत्र तपासून पाहावे. त्यातील मुख्य वाक्याचा आशय असा होता: जर्मन न्यायमंत्र्यांच्या कथित विधानांमुळे आपल्याला दुखावणारा समज निर्माण झाला, याचा मला खेद वाटतो. येथे तीन जागी पाय मागे घेतला आहे. विधाने ‘कथित’ आहेत, म्हणजे ती झालीच असे मान्य केलेले नाही, दुखावले आहे ते विधानाने नव्हे, त्यातून निर्माण झालेल्या ‘समजा’ने, आणि जे वाटते तो खेद आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचा संबंध गुन्हेगाराशी जोडणाऱ्याला माझ्या मंत्रिमंडळात जागा नाही, हेही त्याच पत्रात होते, आणि ते वाक्य ठाम होते. पण असे कोणी केले आहे, असे तेथेही म्हटलेले नव्हते. फ्लायशर यांचा शेरा अमेरिकनांचा रुसवा म्हणून सोडून देता येतो, पण भाषेच्या दृष्टीने तो अचूक होता. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे: ‘खुलासा’. वॉशिंग्टनला माफी हवी होती आणि हाती खुलासा पडला.

आपल्याकडच्या निवडणुकांत हा प्रकार अनोळखी नाही. साखर कारखाना असो की दूध संघ, एकाच पॅनेलमधील दोन गटांचे कार्यकर्ते प्रचाराच्या भरात एकमेकांच्या नेत्याला नको ते बोलून जातात, ‘बिंदू चौकात या’ असे आव्हान दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी निवेदन येते: ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास करण्यात आला आहे, तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ या वाक्यातील ‘असतील तर’ नीट पाहावे. भावना दुखावल्या की नाही हे वक्त्याला अजून ठाऊक नाही, कोणाच्या तेही ठाऊक नाही, आणि ‘दुखावल्या’ या अकर्तृक क्रियापदामुळे कोणी दुखावल्या हा प्रश्नच उरत नाही. हेच वाक्य ‘माझ्या बोलण्याने त्यांचा अपमान झाला, माझे चुकले’ असे केले तर शब्द कमी लागतात. पण एवढे बोलायला जीभ जड होते. आपल्या जिल्ह्यातील जैन समाजात दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी जी क्षमा मागितली जाते, ती कोणताही आरोप नसताना आणि लहानथोर न पाहता मागितली जाते; ‘क्षमा’ या शब्दाचा ‘सहन करणे’ हा मूळ धातू तेथे जिवंत आहे. राज्यकर्त्यांच्या व्यवहारात मात्र तो शब्द उसना वाटतो, आणि ‘चॅन्सेलरांनी क्षमायाचना केली’ असे भाषांतर मी तरी करणार नाही.

दुसऱ्या शंकेबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. मराठीत ‘राजकीय’ म्हणजे राजकारणासंबंधीचा, आणि दोन राष्ट्रांच्या अधिकृत व्यवहाराला ‘राजनैतिक’ हा शब्द रूढ आहे. राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी असे आपण लिहितो. हिंदीत ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय, त्यामुळे हिंदी बातमीवरून मराठी करताना घोटाळा होतो. ‘राजनयिक’ हा शब्दही चुकीचा नाही, पण तो मराठी वाचकाला अजून थोडा परका आहे. २००२ च्या प्रसंगी प्रचारातील भांडण राजकीय होते. ताण राजनैतिक झाला तो त्यानंतर. बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलीझा राइस यांनी वातावरण विषारी झाल्याचे म्हटले. श्रोडर यांच्या आघाडीने सत्ता राखली, त्यांचा पक्ष प्रतिस्पर्ध्यांपेक्षा देशभरात अवघ्या सहा हजारांच्या आसपास मतांनी पुढे होता, तरी बुश यांनी अभिनंदनाचा दूरध्वनी केला नाही. वॉर्सा येथील नाटोच्या बैठकीत संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जर्मन संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांची स्वतंत्र भेट टाळली. डॉयब्लर-ग्मेलिन नव्या मंत्रिमंडळात आल्या नाहीत. हिटलरचे नाव हे निमित्त होते आणि मूळ दुखणे इराकचे होते, असे माझे मत आहे. पण निमित्ताला शब्द मिळाले नसते तर दुखणे इतक्या लवकर उघड्यावर आले नसते.

माफी हा शब्द किती जड आहे, याचे दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांना देता येईल. मार्च २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या मंत्र्यांना रॉटरडॅममध्ये तेथील तुर्की मतदारांपुढे सार्वमताचा प्रचार करण्यास नेदरलँड्सने मनाई केली, तेव्हा अध्यक्ष एर्दोआन यांनी डचांना नाझींचे अवशेष म्हटले आणि वर तुर्कस्तानने डच सरकारकडेच माफीची मागणी केली. डच पंतप्रधान मार्क रुटे यांनी ती साफ नाकारली; स्वतः त्यांच्याही देशात काही दिवसांवर निवडणूक होती. दोन्ही देश नाटोचे सदस्य असूनही राजदूतांच्या पातळीवरील संबंध सुरळीत व्हायला जुलै २०१८ उजाडला.

तेव्हा मूळ टिपणात वाक्य असे ठेवावे, असे सुचवतो: ‘न्यायमंत्र्यांच्या कथित विधानांमुळे निर्माण झालेल्या समजाबद्दल चॅन्सेलर श्रोडर यांनी अध्यक्ष बुश यांना पत्र लिहून खेद व्यक्त केला, व्हाइट हाउसने ती माफी मानली नाही.’ ‘दिलगिरी’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे गुण कापू नयेत, कारण पत्र दुखावलेल्यालाच उद्देशून होते. ‘माफी’ लिहिणाऱ्याला मात्र वाक्य पुन्हा लिहायला सांगावे, आणि पुन्हा लिहिताना ‘कथित’ हा शब्द कोणीही गाळू नये.