२०० दिवसांची सरासरी, ६० दिवसांचा डेटा

प्रिय मित्रा,

तुझा बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या भावांवर सौद्यांचा नियम तपासणारा, कोड पाहिला. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की खरेदी, हा तुझा नियम. कोड चालतो, एरर नाही आणि सौदाही नाही, याचं कारण खरेदीच्या अटीत नाही, डेटात आहे.

एनएसईचं (राष्ट्रीय शेअर बाजाराचं) सत्र ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. पाच मिनिटांच्या ७५ कॅंडल (एका कॅंडलमध्ये तेवढ्या वेळातल्या भावांची नोंद). साठ सत्रांच्या ४,५०० होतात आणि ढीगभर वाटतात. पण त्यांतून दैनिक कॅंडल बनतात साठच, आणि तुला हवी २०० दिवसांची सरासरी. पांडास या पायथन लायब्ररीचं रोलिंग (सरकती सरासरी काढणारं फंक्शन) तिथे एनएएन, म्हणजे 'आकडा नाही', ठेवतं. एनएएनपेक्षा भाव मोठा आहे का, या प्रश्नाचं उत्तर कायम 'नाही'. म्हणून खरेदी होत नाही. तीच अट 'भाव सरासरीच्या वर नसेल तर विक' अशी असती, तर पहिल्या कॅंडलपासून विक्री सुटली असती!

आता साध्या सरासरीऐवजी ईएमए, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी, लावायचा मोह होईल. सौदे लगेच दिसतील, आणि खरा धोका तिथेच आहे. पांडासमध्ये 'अ‍ॅडजस्ट' हा पर्याय बंद ठेवलेला ईएमए पहिल्याच बंद भावापासून सुरू होतो. २०० च्या ईएमएत त्या एका भावाचं वजन साठाव्या दिवशीही सुमारे ५५ टक्के असतं, २०० व्या दिवशी १४ टक्के, आणि ६०० व्या दिवशी पाव टक्का. म्हणून कालावधीच्या तिप्पट कॅंडल धर.

६०० सत्रं म्हणजे जवळपास अडीच वर्षं. एवढा पाच मिनिटांचा डेटा ओढत बसू नकोस, दैनिक डेटा वेगळाच मागव. एका मागणीत किती दिवस मिळतात याला ब्रोकरच्या एपीआयची (कोडला डेटा देणाऱ्या सेवेची) मर्यादा असते, तेव्हा तुकड्यांनी घे आणि जोडावरच्या दुहेरी तारखा काढ. बोनस शेअर किंवा शेअरची विभागणी (स्प्लिट) झाल्यावर जुन्या भावांत केलेला फेरफार दोन्ही डेटात सारखाच आहे ना, तेही बघ. दैनिक भाव अर्धे झालेले आणि इंट्राडे (दिवसाच्या आतले पाच मिनिटांचे) जुनेच, असं असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही.

पाच मिनिटांच्या डेटाला जोडण्याआधी दैनिक ईएमए एक ओळ खाली सरकव, म्हणजे प्रत्येक दिवसासमोर आदल्या दिवसाचा आकडा येईल. नाहीतर सकाळी साडेनऊच्या सौद्याला त्याच दिवसाचा बंद भाव आधीच ठाऊक असेल.

तासाच्या कॅंडल बनवणार असशील तर रिसॅम्पलला (छोट्या कॅंडल जोडून मोठ्या करणाऱ्या फंक्शनला) १५ मिनिटांचा ऑफसेट दे, म्हणजे तास सव्वापासून मोजला जाईल. तो नसेल तर पहिली कॅंडल ९ वाजताची धरली जाते आणि तिच्यात ४५ मिनिटंच भरतात. ऑफसेट दिल्यावरही सातवी १५ मिनिटांचीच राहणार, ते चालतं. दिवाळीच्या मुहूर्ताचं तासाभराचं सत्र मात्र ७५ कॅंडलच्या हिशेबात बसत नाही. म्हणून दिवसांची मोजणी कॅंडलवर नाही, तारखेवर कर.

नव्याने लिस्ट झालेल्या शेअरचा एवढा जुना डेटाच नसतो, तो यादीतून सरळ वगळ. मिन-पिरियड्स (सरासरीला किमान किती नोंदी हव्यात ती सेटिंग) १ करून त्याला आत घेऊ नकोस.

आणि कोडमधला सौदे तपासणारा लूप सुरू होण्याआधी प्रत्येक टाइमफ्रेमच्या (पाच मिनिटं, तास, दिवस) कॅंडलची संख्या, पहिली तारीख आणि सरासरी वापरण्याजोगी होते ती पहिली तारीख छाप. बॅकटेस्ट या वापरण्याजोग्या तारखांपैकी सर्वांत उशिराच्या तारखेपासून सुरू कर.

तुझा,
काका