संध्याकाळी सहानंतर

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. बेघरांच्या निवाऱ्यातले, व्यसन सोडू बघणारे तिघे तुझ्याकडे सोपवलेत आणि तू विचारतोस, "काका, त्यांच्याशी बोलू काय?" तुझं शेअरिंग, म्हणजे तू स्वतः दारू कशी सोडलीस ते सांगणं, मी आपल्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, चांगलं करतोस. पण ते इतक्यात बाहेर काढू नकोस. आधी वेळ दे, आणि तोही संध्याकाळचा.

का ते सांगतो. घरात राहून दारू सोडणाऱ्याला संध्याकाळी निदान घर असतं. बायको बोलते, पोरं भांडतात, टीव्ही चालू असतो. फूटपाथवरून आलेल्या माणसाचा दिवस नाक्यावर, भंगारात नाहीतर कुठल्यातरी रांगेत जातो. सहा वाजले की हात रिकामे, आणि ओळखीची सगळी माणसं त्याच जुन्या कोपऱ्यावर. ती वाईट माणसं नसतात रे. धरपकडीची गाडी आली की त्याला हलवून उठवणारी, तापात चहा आणून देणारी तीच. आपण सरळ सांगून टाकतो, संगत सोड. म्हणजे त्याच्या डोक्यावर जे काय छप्पर होतं तेच सोड म्हणतो. मग सहा ते दहा त्याच्याजवळ कोण बसणार? ते तुझं काम. बाकीचं समुपदेशक करतील, त्यांना पगार आहे.

नवा माणूस निवाऱ्यात आला की त्याच्या चपला बघ. कॉट मिळाली तरी पहिले काही दिवस तो खाली फरशीवर झोपतो, चपला उशाला घेऊन. स्टेशनबाहेर झोपणाऱ्याची चप्पल सकाळी जागेवर नसते, ते अंगात मुरलेलं असतं. "इथं कोणी चोरत नाही" असं त्याला सांगू नकोस, कारण निवाऱ्यातही चोरतात. ज्या रात्री चपला आपसूक कॉटखाली जातील, त्यानंतर घरचा विषय निघाला तर निघू दे. तोवर क्रिकेट, पाऊस आणि डाळ किती पातळ आहे, एवढे विषय पुष्कळ झाले.

नाव सांगेल ते खरं मान. आणि "घरी फोन लावून देऊ का?" हे चुकूनही विचारू नकोस. काही घरांत याचे दिवसपाणीही उरकलेले असतात. काही घरांनी दाराला कडी लावली ती पूर्ण विचार करून लावली, मारहाण सोसून, दागिने गमावून. फोन त्याने मागायचा, नंबर त्यानेच लावायचा. तू बाजूला उभा राहा, आणि पलीकडून कोणी उचललं नाही तर त्या रात्री जरा उशिरापर्यंत थांब.

फूटपाथवर जाशील तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र खिशात टाक. १९५९च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याखाली उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात ठेवलेली माणसं तुला भेटतील, त्यांच्या लेखी फाईल घेऊन येणारा प्रत्येक जण त्या गाडीतूनच उतरलेला असतो.

आता कामाच्या धोक्याबद्दल. तुझ्या तिघांपैकी एक जण केटरिंगला जातो म्हणालास. लग्नसराईत तिथं रोज काम मिळतं, जेवणही मिळतं, म्हणून निवाऱ्यातले बरेच जण जातात. पण हिशोब हातात पडतो तो पंगती आवरून, भांडी टेम्पोत चढवून झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास. अंग मोडून आलेलं, खिशात रोख पैसे, शेवटची लोकल गेलेली, आणि सोबतचे चौघं "चल थोडी" म्हणणारे. "मन घट्ट कर" हा सल्ला तिथं काय कामाचा? जाण्याआधी त्याच्याशी ठरव, पैसे हातात पडल्यावर तो कुठं जाईल, कोणासोबत परत येईल, तुला किती वाजता फोन करील. जमलं तर पैसे थेट खात्यात घेता येतील असं बघ. जनधनचं खातं शून्य शिलकीवर उघडतं, पण तिथं बहुधा आधार मागतात आणि आधारला पत्ता लागतो. निवाऱ्याचा पत्ता लावून ते होतं, थोडी चिकाटी लागते. त्याचे पैसे तू सांभाळायला मात्र घेऊ नकोस, आणि उसने तर अजिबात देऊ नकोस. पहिल्या दिवशी तू मित्र असतोस, पंधराव्या दिवशी सावकार होतोस, आणि सावकाराला पिऊन तोंड दाखवायला कोणी येत नाही.

हे पुढचं नीट वाच, कारण इथं जिवाशी गाठ आहे. पहाटेपासून पिणारा जुना दारुडा "आजपासून बंद" म्हणाला तर त्याला एकट्याला सोडू नकोस, हॉस्पिटलात घेऊन जा. एकदम थांबवली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेलं दिसायला लागतं, माणूस अंगावरचे किडे झटकत बसतो, आणि उपचार नसतील तर यात मरतोही. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्याची टर्की, म्हणजे बंद केल्यावरचा त्रास, बघायला भयंकर, ओकाऱ्या, जुलाब, हाडं ठणकणं, पण तिनं सहसा जीव जात नाही. त्याचा धोका नंतर येतो. महिना-दोन महिने बंद ठेवून तो परत ओढतो तेव्हा अंगाची सवय उतरलेली असते आणि माप तो जुनंच घेतो. हे त्याला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेव. आपणच परत ओढायची वाट दाखवतोय की काय असं तुला वाटेल. वाटू दे. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, तर १०८ला फोन, मग बाकीचं. व्यसनासाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तो नंबरही त्याच्या खिशात असू दे.

स्लिप होईल, म्हणजे मध्येच परत पिणं होईल. तिघांपैकी कोणाची ना कोणाची होईलच. पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही असा तुमच्या निवाऱ्याचा नियम असेल तर केअरटेकरशी भांडू नकोस, आत झोपलेल्यांचाही विचार असतो त्यात. बाहेर त्याच्याजवळ बस, पाणी पाज. त्या रात्री एकही प्रश्न नको. सकाळी उतरल्यावर एवढंच विचार, "काल पहिला घोट घ्यायच्या आधी काय झालं?" बहुतेक वेळा उत्तर दुपारचं असतं, कधी आदल्या दिवसाचं. उपाशी होता, कोणी हाकललं होतं, मुलीचा वाढदिवस होता.

तू लिहिलंयस, "त्यांचं आयुष्य बदलायचंय." त्यावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात गेला. सौदा फिसकटला, आणि हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा असताना त्याला बारमधला गलबला ऐकू आला. त्याआधी काही महिने तो दारुड्यांना सुधारायला धडपडत होता. एकही टिकला नव्हता, पण त्या नादात तो स्वतः कोरडा राहिला होता. म्हणून त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि बोलायला एखादा दारुडा शोधायला लागला. भेटले डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, पण हा माणूस स्वतःच्या गरजेपोटी आला होता. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची सुरुवात ती. आपल्याकडे १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथंही बरे झालेले रुग्णच पुढं कार्यकर्ते झाले. तेव्हा तिघांना खुशाल सांग की तुमच्याजवळ बसलो की माझीही संध्याकाळ निघते. खोटं थोडंच आहे ते?

आणि तुझी स्वतःची मीटिंग चुकवायची नाही. निवाऱ्यात काम आहे ही सबब तर मला मुळीच सांगू नकोस. तीन म्हणजे तीन, चौथा कोणी गळ्यात घातला तर नाही म्हण. शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा असं ठरलेलं आहे. मुंबईच्या सव्वा कोटीला किती हवेत आणि तुझ्या बघण्यात किती आहेत, याचा हिशोब तूच कर. तो खड्डा तुझ्या एकट्याच्या रात्रींनी भरायचा नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज करायचे असतात, ते आपण मिळून करू.

मंगळवारी तिघांपैकी त्या खोकलेवाल्याला तपासणीला नेणार म्हणालास. टीबी निघाला तर गोळ्या सहा महिने चालतील, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. केसपेपरच्या खिडकीवर रांग लवकर लागते, सातलाच पोच. बाबू पत्ता विचारेल तेव्हा उत्तर त्यालाच देऊ दे, निवाऱ्याचं पत्र फक्त तुझ्याजवळ ठेव.

तुझा,
काका