वाचकांचे प्रश्न : रूपकाचा प्रोमो 30 सेकंदांत कसा बसवावा?

प्रश्न : मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव, आणि त्यांच्यावर जगणारे धानशेतकरी व ढिवर (मासेमार) यांच्याविषयी आमच्या गटाने एका सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी 28 मिनिटांचे रूपक, म्हणजे माहितीपर कार्यक्रम, तयार केले आहे. केंद्राने त्याची 30 सेकंदांची जाहिरात, म्हणजे प्रोमो, मागितला आहे. त्यात माहिती किती द्यावी, निवेदनाला भारदस्त आवाज लागतो का, आणि रूपकातले सर्वांत चांगले वाक्य त्यात वापरावे का?
— एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : सावकाश बोलणाऱ्या निवेदकाचे 30 सेकंदांत साठेक शब्द मावतात, आणि त्यातून ध्वनिमुद्रित आवाजांची जागा वजा केली की निवेदनाच्या वाट्याला जेमतेम तीस शब्द उरतात. एवढ्यात कोहळी समाजाने हे तलाव कसे बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर त्यांचे काय झाले आणि आज त्यांत गाळ का साचला आहे, हे सगळे सांगू गेल्यास श्रोत्याच्या पदरात काहीच पडत नाही. माहिती रूपकासाठी ठेवावी.

रूढ रचना अशी आहे की सुरुवात निवेदकाने न करता तुम्ही मुद्रित केलेल्या आवाजाने करायची. पाण्यात जाळे पडल्याचा आवाज दोन सेकंद ऐकू द्यावा आणि लगेच एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे ‘पार फुटली त धान गेलाच समजा’ (पार म्हणजे तलावाचा बांध) यासारखे वाक्य यावे. बोलणारा कोण, हे प्रोमोत बहुधा सांगत नाहीत. त्यानंतर निवेदकाची दोन वाक्ये, मग दुसरा आवाज, शक्यतो पहिल्याशी न जुळणारे काही सांगणारा, आणि अखेरीस रूपकाचे नाव, वार, वेळ व केंद्राची फ्रिक्वेन्सी, याच क्रमाने. वार-वेळ शेवटी ठेवण्याचे कारण एवढेच की रोवणी करताना मोबाइलवर रेडिओ ऐकणाऱ्याच्या ध्यानात शेवटचे ऐकलेलेच राहते. पार्श्वसंगीत घेतल्यास ते प्रत्येक आवाजाखाली दबले पाहिजे आणि निवेदनाबरोबरच संपले पाहिजे. मधेच तोडलेले संगीत कानाला फार खटकते. झाडीबोलीतले वाक्य निवेदकाकडून प्रमाण मराठीत पुन्हा म्हणवून घेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तुमचे श्रोते तीच बोली बोलतात.

भारदस्त आवाजाची गरज नाही. सिनेमाच्या जाहिरातींच्या नादाने घुमवलेला आवाज आणि प्रत्येक वाक्यामागे ठोका देण्याची सवय आपल्याकडेही शिरली आहे. ती मला माहितीपर कार्यक्रमाला शोभत नाही असे वाटते. रूपकाचे निवेदन ज्याने केले आहे, त्याच्याकडूनच प्रोमोही वाचून घ्यावा.

सर्वांत चांगल्या वाक्याबद्दल दोन मते आहेत. माझ्या मते ते वाक्य प्रश्न उभा करत असेल तर खुशाल वापरावे आणि उत्तर असेल तर राखून ठेवावे. तलाव शेवटी कोणी दुरुस्त केला हे प्रोमोतच कळले, तर 28 मिनिटे थांबायचे कशासाठी? मात्र उत्सुकता वाढवण्यासाठी कोणाच्या बोलण्याचा अर्धाच भाग घेऊन अर्थ उलटा होऊ देऊ नये. ‘ठेकेदारानं काम केलं नाही, असं लोक म्हणत, पण ते खरं नव्हतं’ यातले पहिले चारच शब्द घेतले, तर तो सरळसरळ खोटा आरोप होतो. शिवाय रूपक एकदा-दोनदा वाजते, प्रोमो मात्र आठवडाभर दिवसातून अनेकदा. म्हणून ज्याचा आवाज घ्याल त्याला प्रोमोतले वाक्य ऐकवून वेगळी संमती घ्यावी. गावात रोज तेच वाक्य ऐकू येऊ लागले की त्याचा त्रास बोलणाऱ्यालाच होतो.

शेवटची वाक्ये मुद्रित करताना ‘येत्या रविवारी’, ‘उद्या’ आणि ‘आज’ अशा तीन आवृत्त्या एकाच बैठकीत करून घ्याव्यात, म्हणजे आवाजाची पट्टी बदलत नाही. फाइलच्या नावातच ती कोणत्या तारखेपर्यंत वाजवायची हे लिहावे आणि सोमवारी सकाळी तिन्ही फाइल यादीतून काढण्याचे काम गटातल्या एकाकडे सोपवावे.