मुंबईत रस्त्यावरचे फोटो काढायला पहिला फिल्म रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचाय. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स?

पैशांची सोय असेल तर लायका एम२ आणि ३५ एमएम लेन्स घ्या. नसेल तर कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ घ्या, त्याची ४० एमएम एफ/१.७ लेन्स पक्की बसवलेली असते. भुलेश्वरच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, म्हणून ५० एमएम तोकडी पडते, तिच्यात दृश्य कमी मावतं. मी तिथे ३५ एमएमच वापरतो. एम३ जास्त नावाजलेला असला तरी त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (बघायच्या खिडकीत) ५०, ९० आणि १३५ एमएम लेन्समध्ये किती दृश्य येईल ते दाखवणाऱ्याच चौकटी दिसतात. एम२ मध्ये ३५ ची मिळते. एम२ ला लाइटमीटर (प्रकाश मोजणारा मीटर) नाही. कॅनोनेटचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, तो सेल आता बनत नाही. पण शटर सेलशिवायही चालतं.

मात्र मुंबईच्या दमट हवेत मॉडेलपेक्षा कॅमेऱ्याची अवस्था महत्त्वाची. घेण्याआधी एवढं बघाच:

- लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का
- मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलची इमारत पाहताना, फोकस अनंतावर असताना, रेंजफाइंडरमधल्या दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळतात का, उभ्या दिशेनेही
- लायकाच्या कापडी शटरला उन्हाने जळून बारीक भोकं पडलीत का

बुरशी दिसली तर ती लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.