इलेक्ट्रिक गिटार संगणकात मुद्रित करताना अ‍ॅम्पसमोर माइक ठेवावा, की पेडलमधून थेट आवाज घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की तुमच्याकडे १५ वॅटचा ट्यूब (निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प, एक ओव्हरड्राइव्ह आणि एक डिस्टॉर्शन अशी आवाज फाडणारी दोन पेडल आणि लॅपटॉप एवढे साहित्य आहे. पेडलची केबल लॅपटॉपच्या माइक जॅकला जोडल्यावर आवाज पातळ आणि किरकिरा आला, शिवाय तो हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत होता. आता अ‍ॅम्पसमोर माइक ठेवावा, पेडलमधूनच मुद्रण करावे, की ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) घेऊन अ‍ॅम्पच्या मागच्या स्पीकर जॅकमधून त्यात केबल न्यावी, असे तुम्ही विचारता. यातला तिसरा मार्ग आधीच बाद करतो, कारण त्यात उपकरणे जळण्याचा धोका आहे.

१५ वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोर देतो तेव्हा त्या तारेवर सुमारे ११ व्होल्ट असतात, आणि अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे रेटला की त्याहूनही अधिक. व्यावसायिक उपकरणांतली लाइन पातळी, म्हणजे ध्वनी उपकरणे एकमेकांना देतात त्या संकेताची नेहमीची पातळी, मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास धरलेली असते. त्याहून गंभीर बाब अशी की ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समोर योग्य भार लागतोच. इंटरफेसचे इनपुट हजारो ओहमचे असल्यामुळे अ‍ॅम्पच्या दृष्टीने तेथे काहीच जोडलेले नसते, आणि अशा स्थितीत जोरात वाजवल्यास ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारे व्होल्टेज त्याचे वेटोळे किंवा ट्यूबचे सॉकेट निकामी करू शकते. स्पीकर न वाजवता अ‍ॅम्पचा आवाज घ्यायचाच असेल, तर अ‍ॅम्पच्या वॅट आणि ओहमशी जुळणारा लोडबॉक्स, म्हणजे स्पीकरऐवजी अ‍ॅम्पचा भार पेलणारे उपकरण, मध्ये लागतो. अ‍ॅम्पवर लाइन आउट असा स्वतंत्र जॅक असेल, तर तो इंटरफेसला जोडायला हरकत नाही. परंतु स्पीकर काढण्याची मुभा अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट दिलेली नसेल, तर तो जोडलेलाच ठेवावा.

उरलेल्या दोन मार्गांपैकी कोणताही निवडला तरी एक गोष्ट सारखीच लागू होते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तीच आहे. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानाला परिचित आहे, त्यात स्पीकरचा वाटा फार मोठा असतो. गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर घरातल्या संगीतसंचाच्या स्पीकरसारखा सगळ्या वारंवारता सारख्याच इमानाने वाजवत नाही. साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमुळे मूळ सुरावर जे अनेक उपस्वर तयार होतात, त्यांतले वरचे आणि टोचणारे उपस्वर हा स्पीकरच गाळून टाकतो. पेडल थेट संगणकाला जोडल्यावर ते सगळे हेडफोनपर्यंत पोचतात, आणि तुम्हाला ऐकू आलेला किरकिरा आवाज मुख्यतः त्यांचाच आहे. पेडल बिघडलेले नाही आणि वाजवण्यातही दोष नाही. आवाज स्पीकरमधून जायला हवा, मग तो स्पीकर खरा असो किंवा संगणकाने गणिताने उभा केलेला असो.

हा उपाय घरोघरी संगणकावर मुद्रण होऊ लागण्याच्याही आधीचा आहे. १९८९ साली आलेल्या सॅन्सअ‍ॅम्प या लहानशा पेडलमध्ये अ‍ॅम्प आणि स्पीकर या दोहोंचा परिणाम इलेक्ट्रॉनिक परिपथाने साधलेला होता. आज हेच काम इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या फाइलने होते. एखादे कॅबिनेट (स्पीकरची पेटी), त्यासमोरचा माइक आणि थोडीफार खोली मिळून प्रत्येक वारंवारतेला कसा प्रतिसाद देतात, याची ती सेकंदाच्या लहानशा अंशाएवढी नोंद असते, आणि अनेक चांगल्या फाइली विनामूल्य मिळतात. स्पीकर जोरात हलू लागल्यावर त्याचा आवाज स्वतःहून जो किंचित फाटतो, तो मात्र या फाइलीत येत नाही, कारण ही नोंद आवाज लहान असो वा मोठा, त्याला एकाच प्रमाणात वागवते.

पेडलनंतर केवळ ही फाइल लावून थांबू नका. बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे अ‍ॅम्प आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. ट्यूब स्क्रीमर जातीच्या पेडलमध्ये खर्ज मुद्दाम कापलेला असतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग उठावदार असतो. अ‍ॅम्पसमोर हे गुण ठरतात, पण नुसत्या फाइलीसमोर तोच आवाज नाकात बोलल्यासारखा येतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आधी स्वच्छ आवाजाचा एखादा अ‍ॅम्प, त्यानंतर कॅबिनेटची फाइल आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम), असा क्रम ठेवावा. आवाज माइकने घेतलेला असेल तर ही फाइल लावू नये, कारण तो आधीच एका स्पीकरमधून आलेला असतो आणि दुसऱ्यांदा गाळला की घोंगडीखालून आल्यासारखा मंद होतो.

लॅपटॉपचा माइक जॅक सोडून द्या. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, त्यामुळे वरच्या वारंवारतांना त्याचा इम्पिडन्स (बदलत्या विजेला होणारा विरोध) खूप वाढतो. समोरचे इनपुट साधारण १ मेगाओहमचे असेल तरच आवाजातली धार टिकते. लॅपटॉपचा जॅक काही हजार ओहमचा असतो आणि बोलण्याच्या माइकसाठी बनवलेला असतो. ऑडिओ इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेले इनपुट गिटारसाठीच असते. पेडल चालू असताना त्याचे आउटपुट कमी इम्पिडन्सचे असते, त्यामुळे ते लाइन इनपुटलाही चालते. पण ट्रू बायपास पेडल (बंद असताना संकेत परिपथाला न लावता थेट पुढे सोडणारे) बंद केले की गिटारचा पिकअप थेट त्या लाइन इनपुटवर येतो आणि आवाज एकदम बुजतो. पेडल जोडतानाही इन्स्ट इनपुटच वापरावे आणि गेन (इनपुटवर आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी ठेवावा, हे त्यामुळेच बरे. जुन्या धाटणीचे फझ पेडल असेल तर ते गिटारनंतर पहिलेच ठेवा, कारण पिकअपशी थेट जोडले जाणे हाच त्याच्या आवाजाचा भाग आहे.

पातळीविषयी फार चिंता करू नये. २४ बिटमध्ये मुद्रण करताना सर्वांत जोरकस फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास जावा, एवढे पुरते. मीटर शून्यापर्यंत नेण्याची सवय टेपच्या काळातली आहे. टेपची खरखर झाकण्यासाठी तिची गरज होती, इथे तिचा लाभ काही नाही आणि एखादा फटका कायमचा फाटण्याची भीती मात्र आहे.

आता माइकचा मार्ग. तुमच्या खोलीत अ‍ॅम्प मोकळेपणाने वाजवता येत असेल, तर मी हाच मार्ग निवडेन, कारण खरा स्पीकर खऱ्या हवेला ढकलतो तेव्हा बोटांना मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो आणि तो वाजवण्यात उतरतो. त्यासाठी महागडा माइक लागत नाही. १९६५ पासून मिळणारा शुअर एसएम ५७ हा साधा डायनॅमिक माइक आजही असंख्य स्टुडिओंमध्ये गिटारच्या कॅबिनेटसमोर उभा असतो. तो मोठा आवाज सहज पेलतो आणि त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही. माइक कोणता आहे यापेक्षा तो कोठे ठेवला आहे, याने अधिक फरक पडतो. स्पीकरच्या जाळीपासून २ ते ५ सेंटिमीटरवर, मधली गोल टोपी संपून कागदी शंकू जेथे सुरू होतो त्या कडेसमोर ठेवून सुरुवात करा. केंद्राकडे सरकवल्यास आवाज धारदार होतो, बाहेरच्या कडेकडे नेल्यास तो गडद आणि मऊ होतो, आणि एक-दोन सेंटिमीटरचा फरकसुद्धा स्पष्ट ऐकू येतो. माइक अगदी जवळ नेला की खर्ज फुगतो. तो बटणाने कापण्याआधी माइक थोडा मागे घेऊन पाहा. अ‍ॅम्पची बटणे फिरवण्याआधी माइक हलवावा, असे मी आवर्जून सांगेन. एकच ओळ माइकच्या निरनिराळ्या जागांवर वाजवून मुद्रित करा, प्रत्येक तुकड्याला जागेचे नाव द्या आणि मग अ‍ॅम्प बंद करून ते ऐका, कारण अ‍ॅम्पजवळ उभे असताना हेडफोनमध्ये काय येते आहे याचा निर्णय कान नीट करू शकत नाहीत. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवल्यास फरशीवरून परतणारा आवाजही कमी मिसळतो.

दुसरा माइक लावण्याचा मोह होईल, पण आरंभी तो टाळावा. दोन माइकांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल, तर १,००० हर्ट्झचा सूर एकापाशी अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा पोचतो आणि मिश्रणात दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. परिणामी प्रत्येक माइक एकटा ऐकताना भरीव वाटणारा आवाज एकत्र केल्यावर पोकळ होतो.

लेटन्सीचा, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याचा, प्रश्न थेट मार्गात फार महत्त्वाचा आहे, कारण वाजवताना तुम्हाला कॅबिनेटसहित तयार झालेला आवाजच ऐकू यायला हवा. नुसता कोरडा आवाज ऐकत वाजवल्यास उजवा हात नकळत जास्त जोर लावतो, आणि नंतर चढवलेल्या डिस्टॉर्शनमध्ये ते ओरबाडणे उघडे पडते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद; येण्याचा, जाण्याचा आणि इंटरफेसच्या अंतर्गत कामाचा वेळ धरून एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर अडचण वाटू नये. हवेत ध्वनी एवढ्या वेळात जवळपास साडेतीन मीटर जातो, आणि अ‍ॅम्पपासून तितक्या अंतरावर उभे राहून वाजवणे कोणत्याही गिटारवादकाला अपरिचित नाही. विंडोजवर यासाठी इंटरफेसच्या निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवणे अनिवार्य समजा. मॅकवर हेच काम करणारा कोअर ऑडिओ आधीच असतो. सॉफ्टवेअर अडखळू लागल्यास बफर २५६ करा, आणि वाजवणे संपवून मिश्रणाला बसाल तेव्हा तो खुशाल १,०२४ ठेवा.

शक्य असेल तर दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरा. गिटारनंतर लगेच डीआय बॉक्स (गिटारचा संकेत दोन वाटांनी देणारी डबी) लावला, तर त्याचे एक टोक पेडल आणि अ‍ॅम्पकडे जाते, दुसरे इंटरफेसकडे, आणि माइकच्या ट्रॅकबरोबर गिटारचा कोरडा ट्रॅकही जपला जातो. अ‍ॅम्पचा आवाज नंतर आवडला नाही, तरी उत्तम वाजलेली ओळ हातची जात नाही. तोच कोरडा ट्रॅक रीअँप बॉक्समधून पुन्हा पेडलला आणि अ‍ॅम्पला देता येतो. हा बॉक्स इंटरफेसची लाइन पातळी गिटारच्या पातळीला उतरवतो, म्हणून तो टाळून थेट केबल जोडू नये.

सतत ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर येत असेल, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा, म्हणजे उपकरणे दोन मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा, आहे आणि डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या (संकेताच्या केबलमधली अर्थिंगची जोड तोडणाऱ्या) बटणाने तो बहुधा सुटतो; अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, कारण ती तुमच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर लॅपटॉपपासून दूर बसा आणि गिटारचे तोंड हळूहळू वळवत घरघर सर्वांत कमी होणारी दिशा शोधा.

खरेदीचा क्रम म्हणाल, तर आधी इन्स्ट इनपुट आणि माइकची सोय दोन्ही असलेला दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या, त्यानंतर एक डायनॅमिक माइक आणि त्याचा स्टँड. डीआय आणि रीअँप बॉक्स नंतर घेतले तरी चालतील. लोडबॉक्स तुमचा अ‍ॅम्प घरात मोठ्याने वाजवणे अशक्य असेल तरच घ्यावा.