पुण्यात गाइड न घेता केळकर संग्रहालय डिझाइनच्या नजरेने कसं बघावं?

दोन-अडीच तास काढून सकाळीच जा. बाजीराव रोडवर दुपारनंतर गाडी लावायला जागा मिळणं नशिबाची गोष्ट. दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तू २०,००० च्या घरात आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तरी सगळं बघायचा हट्ट नको. एकच वस्तू धरा. मी अडकित्ते धरले होते: काम सुपारी कातरायचं, पण मूठ कधी पोपट, कधी घोडा! बोटं कुठे बसतील, जोर कुठे येईल, ते वहीत काढून बघा. मग दिवे, कुलुपं, पाय घासायच्या वज्र्या. शस्त्रं घाईत उरकली तरी चालेल. कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल मात्र चुकवू नका.